काडी न लागलेला राब

मे महिन्यात कोळवणच्या खोऱ्यात सकाळी धूर दिसला नाही, असं सहसा होत नाही. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घ्यायची, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि आग भडकू नये म्हणून सगळ्यावर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावायची. हाच राब. तो दिवसभर धुमसत राहतो, तणाचं बी मरतं आणि जूनमध्ये त्याच राखेत भाताचं बी पडतं. ज्या घराचा राब भाजायचा राहिला, त्या घरात काहीतरी वाईट घडलं असणार, असं शेजारीपाजारी धरूनच चालतात.

त्या वर्षी लीलाबाईच्या भातखाचराच्या कडेला धूर निघाला नाही.

पहिले दोन दिवस शेजाऱ्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिचा धाकटा दीर बहिरू बांधावर येऊन उभा राहिला. दोन भावांच्या वाटण्या होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण बांध एक, खळं एक आणि लावणीला एकमेकांच्या सावडीला जायचं हेही ठरलेलं. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, ही सावड. लीलाबाई वाफ्यात बसून खुरप्याने गवत काढत होती. तिचा नवरा नरहरी पाठीच्या दुखण्यामुळे अंगणातल्या उंबराखाली दगडाला टेकून बसला होता.

"काय वयनी, घरातली काडीपेटी संपली का?" बहिरूने विचारलं.

"हाय की."

"मग राब का भाजंना? दादाला वाकवत नसंल तर मी लावतो काडी."

"औंदा भाजायचाच न्हाई."

वहिनीची थट्टा करायचा मान दिराचा. आज वहिनीच थट्टा करतेय असं समजून बहिरू हसला. मग त्याने नरहरीकडे पाहिलं. नरहरी हसत नव्हता.

"न भाजता रोप टाकणार? मग गवताचंच पीक घ्या की! गावात भाकड म्हशी लई हायेत, त्यांचं तरी पोट भरंल."

"तुमी तुमचा राब बघा, भावजी."

बहिरूने बंडीच्या खिशातून काडीपेटी काढली आणि बांधावरच्या दगडावर ठेवली. "ही ठिवतो हितं. अक्कल आली की लावा. आन् एक दादाच्या देखत आत्ताच सांगतो. रोप न्हाई आलं तर माझ्या वाफ्याकडं यायचं न्हाई. माझं रोप मला पुरतं."

हे बोलणं साधं नव्हतं. त्या खोऱ्यात ज्याचं रोप फसतं, त्याला लावणीच्या वेळी दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून रोपाच्या मुठी मागाव्या लागतात. देणारा देतोही. पण गाव ते वर्षभर विसरत नाही. शिवाय लीलाबाईच्या घरचा वर्षाचा भात त्या एवढ्याशा वाफ्यावर अवलंबून होता. रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर पुढच्या दिवाळीनंतर कणगी रिकामी.

लीलाबाईने काडीपेटी उचलली, पदराच्या गाठीत बांधली आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं.

हे तिच्या डोक्यात आलं कुठून, ते समजायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

नरहरी जीप चालवायचा. कोळवण ते पौड, दिवसाला चार फेऱ्या. पाठ गेली आणि जीपही गेली. तेव्हा लीलाबाईने सकाळची एसटी धरली. बावधनला बारा बारा मजल्यांच्या दोन इमारतींच्या एका सोसायटीत तिला झाडलोटीचं काम मिळालं. पहाटे भाकरी बांधून निघायचं, दुपारच्या गाडीने परत यायचं आणि तिन्हीसांजेपर्यंत शेतातलं उरकायचं. वय एक्कावन्न, अंगाने काटक आणि बोलणं मोजकं. कामाला मात्र अशी, की तिने झाडलेल्या अंगणात संध्याकाळपर्यंत काडी दिसायची नाही.

सोसायटीच्या आवारात सोनमोहोर आणि बदामाची झाडं होती. एप्रिलमध्ये पानांचा नुसता सडा पडायचा. पाला पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत द्यायचा, तर त्या वर्षी गाडीवाल्याने पोती घ्यायला नकार दिला. मागच्या भिंतीला पोत्यांची रांग लागली. सोसायटीचे सचिव दिग्विजय साहेब एका सकाळी मोटारीत बसता बसता लीलाबाईला म्हणाले, "मावशी, त्या पाल्याची काहीतरी व्यवस्था लावा."

पाल्याची व्यवस्था लावायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने बावधन गावठाणातल्या एका गवळ्याकडून दोन घमेली शेण आणलं. मागच्या मोकळ्या जागेत ते पसरलं, वर पाला रचला, त्यावर वाळलेलं गवत आणि वर माती. चिमूटभर धूळ उडवून वारा पाहिला. वारा भिंतीच्या बाहेर जात होता. सगळं नेटकं, सासूने शिकवलं होतं अगदी तसं. मग तिने काडी लावली.

शेतात धूर वर जातो आणि डोंगराकडे निघून जातो. इथे तो वर गेला आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळात अडकला. बारा मजल्यांच्या खिडक्या एका मागोमाग एक आपटू लागल्या. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. लाल गाडी घंटा वाजवत आली, तेव्हा लीलाबाई राबाशेजारी उभी राहून मातीचा थर कुठे फुटतोय का, ते पाहत होती.

"अहो मावशी, हे काय करून ठेवलंत?" दिग्विजय साहेब धापा टाकत आले.

"राब भाजला, साहेब."

"काय भाजलं?"

"राब. तुमीच म्हनला न्हवं, वेवस्था लावा म्हनून?"

दारावरचा रखवालदार गोरख मागून म्हणाला, "साहेब, बाई सकाळी शेण घेऊन आत आल्या तेव्हाच मी पाहिलं. पण मला वाटलं, सारवायला आणलंय."

"बारा मजली इमारत सारवायला?"

हसावं की रागवावं हे न कळलेले लोक भोवती जमले. शहरात पाला जाळायला मनाई आहे, हे लीलाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिचं काम त्याच दिवशी जायचं. पण तळमजल्यावरच्या शुभांगी मॅडम मध्ये पडल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"पाल्याची व्यवस्था लावा म्हणून आपण सांगितलं. जाळू नका असं सांगितलं कुणी?" त्या म्हणाल्या. "आणि शहरातल्या लोकांना इतकं नीट रचता तरी येईल का? लीलाबाईंना माझ्याबरोबर काम करू द्या. फक्त काडीपेटी आणायची नाही."

शुभांगी मॅडमनी आपल्या दारापुढे जाळीचा एक पिंजरा करून त्यात पाला भरला होता. खत होईल म्हणून दीड वर्ष त्या वाट पाहत होत्या आणि पाला होता तसाच कुरकुरीत. लीलाबाईने त्यात हात घातला.

"मॅडम, ह्यो पाला उपाशी हाय. शेन न्हाई, माती न्हाई, पानी न्हाई. कुजंल कसा?"

"पुस्तकात ताक आणि गूळ लिहिलंय."

"ताक-गूळ मानसाला द्या. ह्याला शेन द्या."

दोघींनी मागच्या भिंतीपाशी विटांचा हौद रचून घेतला. लीलाबाईने पुन्हा राबच लावला. शेण, पाला, गवत, माती आणि पुन्हा शेण. फक्त काडी लावली नाही, त्याऐवजी आठवड्याला दोन घागरी पाणी. पावसाळ्यात कंबरेएवढा ढीग गुडघ्यापर्यंत खाली बसला.

ह्या दिवसांत त्या दोघींची चांगलीच गट्टी जमली. एकदा मॅडमनी तिला एक सुबक पुडी दाखवली. भांडी घासायची नैसर्गिक भुकटी, वर हिरव्या पानाचं चित्र. लीलाबाईने चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला.

"मॅडम, ही तर राख हाय."

"राखच आहे."

"आन् तुमी इकत आनली?" ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की गोरख फाटकातून बघायला आला. दुसऱ्या दिवशी तिने चुलीतली चाळलेली राख डबाभर आणली, आणि तिसऱ्या दिवशी कपड्यांसाठी रिठे.

लीलाबाईच्या घरात ह्या गोष्टींना वेगळं नाव नव्हतं. भांडी राखेने घासायची, न्हाणीचं पाणी अळूच्या वाफ्याला सोडायचं, भाताच्या कणगीत किडा लागू नये म्हणून निरगुडीचा पाला घालायचा, आणि पावसाळ्यात टाकळा-भारंगी डोंगराने दिलेली असते तोवर बाजाराची भाजी आणायची नाही. परवडत नाही म्हणून तिने हे धरून ठेवलं होतं, आणि शहरात तेच लोक हौसेने विकत घेत होते. ह्याचं तिला आधी हसू आलं. मग हळूहळू मान थोडी ताठ झाली.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी हौद उघडला. वरचा थर बाजूला केला, तर खाली काळीभोर, मऊ, भुसभुशीत माती. लीलाबाईने ओंजळभर उचलून नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ह्यो वास मला ठावा हाय. वाघजाईच्या राईचा हाय ह्यो."

तिच्या माहेरी डोंगराच्या कुशीत वाघजाईची देवराई होती. तिथलं पडलेलं पानसुद्धा घरी आणायचं नाही, हा दंडक. लहानपणी तिने एकदा तिथलं लाल पान केसांत खोवलं होतं, तेव्हा आईने अर्ध्या वाटेवरून परत पाठवून ते जागच्या जागी ठेवायला लावलं होतं. त्या राईत उन्हाळ्यातसुद्धा पायाखालची माती ओलसर लागायची. बाहेरचा माळ तापून फुटायचा आणि राईत गारवा असायचा. तिथे कुणी कधी राब भाजला नव्हता. पन्नास वर्षं ती दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहत आली होती आणि त्यांची गाठ तिने कधी मारली नव्हती.

त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या ती पिरंगुट गेलं तरी बोटांचा वास घेत होती.

पुढचं वर्ष तिने परसात घालवलं. तिथेच खणलेला खड्डा, गोठ्यातल्या दोन जनावरांचं शेण आणि वाऱ्याने पडलेला पाला. वांगी, मिरची, घेवडा त्या खतावर असे आले की नरहरीने शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. त्या वर्षी तिने एकाही झाडाची फांदी तोडली नाही. राबासाठी दर वर्षी तोडून तोडून बांधावरच्या ऐनाच्या झाडांचे खांब झाले होते. त्यांना पहिल्यांदाच चहूअंगांनी फुटवे आले. पण भाताचा राब तेवढा तिने जुन्या रीतीने, विकतच्या गवतावर भाजला. परसातली वांगी फसली तर बाजार आहे. रोप फसलं तर काय?

म्हणून ह्या वर्षी तिने नाही म्हटलं, तेव्हा सगळ्यात आधी नरहरीच घाबरला.

"अगं, एक कोपरा तुझ्या रीतीनं कर. बाकीचा भाज," तो म्हणाला.

"अर्धा भाजला तर लोक म्हनतील, भाजलेल्यानं तारलं."

"आन् न्हाईच तारलं तर?"

"तर रेशनचं तांदूळ खाऊ आन् मान खाली घालून चालू."

"मान खाली घालायला तुला जमंल?" नरहरी म्हणाला. "इतक्या वर्सांत तर कधी बघितली न्हाई." त्यानंतर त्याने विषय काढला नाही. खड्ड्यातलं खत चाळायला मात्र तो रोज बसू लागला. बसून करायचं काम त्याला जमत होतं.

न भाजलेल्या जमिनीत तण माजणार, हे बहिरूचं म्हणणं खोटं नव्हतं. लीलाबाईला ते माहीत होतं. त्यावर तिने मेहनतीचा उपाय काढला. वाफे वीतभर उंच केले, त्यात खत मिसळलं आणि मे महिन्याच्या उन्हात डोहातून घागरी आणून ते आठ दिवस भिजवले. तणाला वाटलं पावसाळा आला. ते वर आलं. तिने ते खुरपून काढलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा काढलं. गाव हे जाता-येता बघत होतं.

"आमच्या वयनी गवत पेरत्यात आन् गवतच काढत्यात," बहिरू पारावर सांगायचा.

बी टाकायच्या आधी तिने ते मिठाच्या पाण्यात सोडलं. पोचट दाणे वर तरंगले ते काढून टाकले, भरलेले खाली बसले ते धुऊन घेतले. मृगाचा पाऊस झाल्यावर बहिरूने आपल्या राखेत बी फेकलं आणि लीलाबाईने आपल्या उंच वाफ्यांवर ओळीने टाकून वर पाल्याचा चुरा पसरला.

सहाव्या दिवशी बहिरूचा वाफा हिरवा झाला. गडद, एकसारखा, पोपटाच्या पंखासारखा.

लीलाबाईच्या वाफ्यावर पाल्याचा चुरा तेवढा दिसत होता.

सातवा दिवस गेला, आठवा गेला. लीलाबाईच्या सासूच्या बरोबरीची शेजारची धोंडाबाई काठी टेकत बांधावर आली. "लीले, बी पेरलंस का नुसतं मीठ लावून लोणचं घातलंस?"

"येईल, आत्या."

"व्हय, येईल की. दिवाळीला येईल."

लीलाबाईने हसण्यावारी नेलं. पण धोंडाबाई वळताच ती वाफ्याशी बसली आणि बोटाने पाला बाजूला सारला. खाली दाणा फुटलेला होता. पांढरी मुळी बोटाच्या पेराएवढी खाली गेली होती आणि वर सुईच्या टोकाएवढा कोंब. रोप आधी खाली चाललं होतं. तिने पाला पुन्हा नीट झाकला आणि तिथेच मातीला हात लावून कपाळाला लावला.

नवव्या दिवशी रोप वर आलं. बहिरूच्या रोपापेक्षा बुटकं आणि रंगाने फिकट. वाडीतले लोक दोन्ही वाफे शेजारी शेजारी बघून जात. बावधनला झाडताना तिचं लक्ष लागेना. गोरखने विचारलं, "मावशी, घरी कुणी आजारी आहे का?" ती म्हणाली, "न्हाई रं, रोप ल्हान हाय."

मग पावसाने ओढ दिली.

पंधरा दिवसांचं रोप असताना पाऊस थांबला. आधी लोक म्हणाले, चार दिवसांत येईल. चार गेले. ऊन मे महिन्यासारखं तापलं. आठव्या दिवशी माळाला भेगा दिसल्या. राखेचे वाफे वरून राखाडी, कडक झाले आणि पाणी घालावं तर ते धरून ठेवायला त्या जमिनीत काही नव्हतं. सकाळी घातलेलं दुपारी उडून जायचं. बहिरूच्या रोपाचे शेंडे आधी पिवळे झाले, मग तांबूस. तो पाण्याच्या कावडी वाहून थकला. विहिरीचा तळ दिसायला लागला होता.

लीलाबाईही रोज संध्याकाळी चार घागरी घालत होती, जास्त नाही. पाल्याखाली बोट घातलं की माती गार लागायची. खोल गेलेल्या मुळ्यांना ओल सापडत होती. दहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपलं रोप आता फिकट राहिलेलं नाही. बाराव्या दिवशी ते बहिरूच्या रोपापेक्षा दोन बोटं उंच होतं, आणि बहिरूच्या अर्ध्या वाफ्यात रोप उरलंच नव्हतं.

नरहरी काठी टेकत वाफ्यापर्यंत चालत आला. पाठ दुखायला लागल्यापासून तो एवढं अंतर चालला नव्हता. काठीवर रेलून रोपाकडे बघत म्हणाला, "वाघजाईची राई आलीय म्हनायची आपल्या दारात."

तेराव्या दिवशी पाऊस आला आणि असा आला, की दोन दिवसांत सगळी खाचरं भरली. आता सगळ्यांची लावणी एकदमच. ज्याच्याकडे रोप त्याने लगेच लावायचं, नाहीतर हंगाम गेला. बहिरूकडे त्याच्या निम्म्या खाचरापुरतंही रोप नव्हतं. तो पौडला जाऊन आला, पलीकडच्या गावात जाऊन आला. सगळीकडे तेच. लीलाबाईकडे तो आला नाही. त्याच्याच तोंडचे शब्द त्याच्या वाटेत आडवे पडले होते.

सावडीचा पहिला दिवस लीलाबाईच्या खाचराचा होता. दहा-बारा माणसं चिखलात उतरली. बहिरूही आला; सावड चुकवायची नसते. तो खाली मान घालून लावत होता. एकदाही थट्टा केली नाही, त्यामुळे बायकांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्याच दिवशी शुभांगी मॅडम लावणी बघायला मोटारीने आल्या होत्या. चपला हातात घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि उपटलेल्या रोपाच्या मुळ्या डोळ्यांजवळ नेऊन बघू लागल्या. पांढऱ्याशुभ्र, लांब, दाढीसारख्या दाट.

"लीलाबाई, आमच्याकडे सेंद्रिय म्हटलं की वाटतं, हे श्रीमंतांचं काम," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आमाला महागाचं परवडत न्हाई, म्हनून तर ह्यो उद्योग!"

बांधावर बसलेली धोंडाबाई ओरडली, "बाईसाहेब, ती तुमाला पाला बी इकंल! ध्यान ठिवा!" आणि सगळं खाचर हसलं. बहिरू सोडून.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर लीलाबाई उठली. तिने वाफ्यातलं उरलेलं रोप उपटलं, मुठी बांधल्या, पाटीत रचल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बहिरूच्या खाचराकडे निघाली. एक पाटी ठेवून आली, दुसरी नेली. तिसरी नेताना बहिरू बांधावर आडवा आला.

"वयनी, हे काय चालवलंय? मी मागितलं न्हाई."

"म्या कुटं म्हनलं तुमी मागितलं?" लीलाबाईने पाटी खाली ठेवली. "माझं रोप दाट झालंय. खाचर संपलं, रोप उरलं. आता काय गुरांना घालू? तुमच्या खाचरात जागा हाय, म्हनून ठिवते. अडचन व्हत आसंल तर सांगा."

बहिरूने मुठींकडे पाहिलं. एक उचलली. मुळ्यांना चिकटलेली काळी माती बोटांनी कुस्करली आणि नकळत नाकाशी नेली.

"न्हाई," तो म्हणाला. "अडचन कसली."

"मग उद्या तुमची सावड. सकाळी येते. दुपारच्याला सुकट करायला सांगा, नुसत्या पिठल्यावर मी चिखलात उतरनार न्हाई."

तेव्हा कुठे बहिरू हसला. "सुकट कशाला, कोंबडं कापतो."

मागायची वेळ त्याच्यावर आली नाही, म्हणून गावाला वर्षभर बोलायलाही काही उरलं नाही. बोलायला राहिलं ते रोप. बहिरूच्या खाचरात दोन रंगांचं भात उभं होतं. एका अंगाला राखेचं, दुसऱ्या अंगाला पाल्याचं. लोंब्या आल्यावर पलीकडच्या वाडीचे लोकसुद्धा बांधावर उभे राहून दोन्हींची तुलना करून गेले. दिवाळीनंतर कणगी गळ्यापर्यंत भरली, वर निरगुडीचा पाला पडला. पहिल्या आंबेमोहोराचा भात शिजला, तेव्हा त्याच्या वासाने बहिरू न बोलावता पाटावर येऊन बसला. बावधनच्या सोसायटीत मागच्या भिंतीपाशी आता विटांचे चार हौद आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवताना दिग्विजय साहेब "आमची योजना" म्हणतात. लाल गाडीची गोष्ट ते सांगत नाहीत. ती गोरख सांगतो.

पुढच्या मे महिन्यात खोऱ्यात पुन्हा धूर निघाले, पण वाडीच्या त्या अंगाला दोन खाचरं बिनधुराची राहिली.

एका सकाळी बहिरू आपल्या वाफ्यात बसून गवत खुरपत होता. वाटेने जाणारा एक जण थांबला आणि ओरडला, "काय बहिरूतात्या, काडीपेटी संपली का?"

बहिरूच्या उत्तराची वाट न बघता शेजारच्या वाफ्यातून लीलाबाई उठली. घरात गेली, भिंतीच्या देवळीतली पत्र्याची डबी उघडली आणि वर्षभर जपून ठेवलेली काडीपेटी घेऊन आली. "ही घ्या, भावजी. तुमची हाय. मोजून घ्या, एक बी काडी मोडली न्हाई."

बहिरूने काडीपेटी हातात घेतली, हलवून पाहिली. मग कानावरची बिडी काढली, एक काडी ओढून ती पेटवली आणि काडी ओल्या वाफ्यात खोचून विझवली.

"संपली न्हाई रं," त्याने वाटेवरच्या माणसाला ओरडून सांगितलं. "गवत लई निगालंय. तुझी भाकड म्हैस धाड हिकडं."